डावीकडचा चर

तिचा डावा पाय आखूड पडला, एवढंच झालं. बाकी कुणाच्या ते ध्यानातही आलं नसेल. मांडवाखाली तीनशे माणसं, नवऱ्याच्या मावसबहिणीला मागणी घालायला आलेले पाहुणे, केळीच्या पानांत बांधून उकडलेल्या कच्च्या केळ्यांच्या मटोकेचा वास, सगळे खुशीत. आधी इकडच्या, बुगांडाच्या पोरींचा कमरेचा नाच झाला. मग सूत्रधार माइकवर ओरडला की आता उत्तरेकडचा नाच, आणि डोक्याला पिसं लावलेले आठ जण, हातात अर्धा सुका भोपळा आणि सायकलच्या आऱ्यांची जुडी घेऊन हिरवळीवर आले. शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या आत्याबाईंनी माझ्या मांडीवर चापट मारली. ‘सूनबाई, तुमच्याकडचा आला बघ. धरून बसा गं सगळ्या, आता जमीन हलणार.’ मी हसले. बारा वर्षं मी हसतेच आहे. कंपालात राहायचं, बागांडा लोकांच्या घरात नांदायचं, सासू-सासऱ्यांपुढे गुडघे टेकून बोलायचं, तर उत्तरेवरच्या विनोदांना हसावं लागतं, नाहीतर म्हणतात हिला राग फार. राग आहेच मला. तर ते आठ जण नाचायला लागले. भोपळ्यांवर आरे खरखरले, घोट्यांतली खुळखुळी वाजली, आणि शेवटच्या टोकाला एक पोरगी होती. आम्हा अचोलींत भोपळा पुरुषांनी वाजवायचा असतो, पण शहरात माणसं कमी पडली की सगळं चालतं. उजवा, डावा, उजवा, आणि चौथ्या ठोक्याला तिचा डावा पाय निम्माच पुढे गेला, टाच आत वळली, अंग जरासं उजवीकडे झुकलं. काठावर पाय जपून ठेवावा तसा. परत चौथा ठोका, परत तेच. हिरवळ सपाट होती, तिथं काही नव्हतं. माझ्या हातातली सोड्याची बाटली मांडीवर कधी उपडी झाली मला कळलं नाही. आत्याबाई ओरडल्या, ‘अगं अगं, गोमेसी भिजली! रेशमी झगा आहे तो!’ मी उभी राहिले होते. तीनशे माणसांत मी एकटीच उभी.

तिथं चर होता. हिरवळीवर नव्हे, तिकडे, किटगुमच्या वाटेवरच्या आमच्या छावणीत, वीस-बावीस वर्षांमागे. बंडखोरांशी लढाई पेटली म्हणून सरकारनं गावं उठवून आम्हाला त्या छावणीत कोंबलं तेव्हा झोपडीला झोपडी इतकी खेटून होती, की एकीत खोकलं की तिसरीतून पाणी विचारायचे. नाचायला जागा एकच, पंपाच्या मागे, आणि तिच्या डाव्या अंगाला शिपायांनी सांडपाण्याचा चर खणून ठेवलेला. माझा दादा ओर्येमा तिथं पोरांना नाच शिकवायचा. सतरा वर्षांचा होता, पण मिजास म्हाताऱ्या उस्तादाची. पहिल्या आठवड्यात दोघे चरात पडले, अंगभर घाण, सगळी छावणी हसली. मग दादानं काय करावं? चौथ्या ठोक्याला डावा पाय निम्माच टाकायचा, टाच वळवायची, असं ठरवून दिलं. सहा महिन्यांत पोरांच्या हाडात ते इतकं मुरलं की गुलूच्या स्पर्धेत, फुटबॉलच्या एवढ्या मोठ्या मैदानावर, सगळी रांग चौथ्या ठोक्याला डावीकडे बिचकली. परीक्षकानं लिहिलं, ‘डावा पाय खोटा.’ दादाला इतका राग आला की दोन दिवस जेवला नाही. बाबा म्हणाले, ‘खोटा तर खोटा, आपला आहे ना?’ तेव्हापासून तो आमचा पाय झाला. अख्ख्या अचोलीत तो पाय दुसऱ्या कुणाचा नाही. त्या रांगेतली इतर पोरं पुढच्या चार वर्षांत गेली, कुणी कॉलऱ्यानं, कुणी सुरुंगावर, दोघे सरकारच्याच सैन्यात भरती होऊन. मी त्यांची नावं पाठ म्हणू शकते. म्हणजे तो पाय जगात फक्त माझ्या डोक्यात उरला असायला हवा होता, आणि तो इथं, एका पोरीच्या अंगात, माझ्यासमोर पडत होता. नवरा, सेमाकुला, दुसऱ्या टोकाकडून खुणेनं विचारत होता, काय झालं. मी हातानं सांगितलं, काही नाही.

दादाला नेलं तो दिवस मी पाहिलेला नाही. छावणीतून शेतावर जायला दहा ते तीन अशी सूट असायची. आई, बाबा आणि दादा तीळ कापायला गेले होते, मी पंपापाशी रांगेत घागर सांभाळत होते, बारा वर्षांची. तीनच्या आधीच आई एकटी परत आली. अंगावर धूळ, पायात एकच चप्पल. ती माझ्याजवळून गेली आणि तिनं मला ओळखलं नाही. मग झोपडीत बसली आणि म्हणाली, बंडखोर आले होते, तुझ्या बाबांना मारलं, ओर्येमाला नेलं. इतकंच. त्या तीन वाक्यांत पुढे कधी चौथं आलं नाही. बायकांनी विचारलं, शिपायांनी विचारलं, मी तर किती वेळा विचारलं. आई तीच तीन वाक्यं त्याच क्रमानं सांगायची. मला वाटायचं, धक्का आहे. अशा बायका छावणीत घरोघरी होत्या. लढाई थांबली, लोक गावांकडे परतले, आम्ही बाबांसाठी शेवटचा नाच केला. आमच्यात माणूस पुरला म्हणजे संपत नाही. पुढे सवडीनं, दाणागोटा हाताशी असला की त्याच्यासाठी नाचायचं, मग तो खरा जातो. दादाचा नाच मात्र राहिला होता, कारण मी अडून बसले होते. प्रेत नाही, खबर नाही, कशाच्या जोरावर नाचायचं? दरवर्षी आई विषय काढायची आणि दरवर्षी मी भांडायचे. ‘तुला झालीय घाई पोराला पुरायची,’ असंसुद्धा एकदा बोलले मी तिला. ती उठून चुलीपाशी गेली. यंदा पहिल्यांदा तिचा आवाज फोनवर इतका बारीक आला, की मी म्हटलं, बरं, कर. तारीख ठरली होती. पुढचा शनिवार. मृताच्या बहिणीनं त्याची ललकारी द्यायची असते, जिवंतपणी नाचात त्याला देत होती तीच, एकदा, शेवटची. त्यानंतर त्या नावानं त्याला कुणी हाक मारत नाही. ती मी देणार होते. आठवडाभर न्हाणीघरात तोंडातल्या तोंडात म्हणून बघत होते आणि निम्म्यावरच सोडत होते.

नाच संपला. टाळ्या पडल्या. मी ओल्या गोमेसीसकट मांडवाच्या मागे गेले. तिथं पाण्याच्या टाकीशी ते आठ जण घाम पुसत होते. जवळून पाहिली तर पोरगी सतरा-अठराची, काळी तुकतुकीत, कपाळ अरुंद, ओठ पुढे काढून खुळखुळी सोडत होती. मी अचोलीत म्हटलं, ‘पोरगी असून भोपळा वाजवतेस? तुझ्या आजीनं बघितलं तर झाडूनं झोडेल.’ ती हसली. ‘आजीच नाही मला, मग कोण झोडणार? आणि हे सातही जण ठोका चुकतात, मावशी, मी नसले तर यांचं लग्नात नव्हे, मयतात बोलावणं होईल.’ सोबतच्यांनी तिला शिव्या दिल्या. मी नाव विचारलं. आटिम म्हणाली. परक्या मुलुखात जन्मलेल्या पोरीला आमच्यात हे नाव ठेवतात. ‘कुठं जन्मलीस?’ ‘तिकडे,’ ती म्हणाली आणि हनुवटीनं उत्तर दाखवली, सुदानच्या बाजूची. मला आणखी विचारायची गरज नव्हती. बंडखोरांनी नेलेल्यांची, जंगलात जन्मलेली पोरं ‘तिकडे’ म्हणतात. मी विचारलं, ‘तो डावा पाय तुला कुणी शिकवला?’ ती फुगलीच. ‘तुम्हीपण? सगळे तेच विचारतात. चुकतोय म्हणतात. चुकत नाही तो, तसाच आहे. बाबा शिकवतात. विचारलं का असा, तर म्हणतात, तिथं चर आहे, पडशील. कुठं आहे चर? किरेकाच्या टेकडीवर नुसते दगड. खूळ आहे त्यांचं. बारकी पोरं तर त्यांना चर-बाबा म्हणतात.’ आणि हसत हसत तिनं फोन काढला, मला दाखवायला, की हे बघा आमचे चर-बाबा, यांच्या पायी मला सगळीकडे बोलणी खावी लागतात.

फोटोत एक माणूस खडीच्या ढिगावर बसला होता. हातोडा मांडीवर. दाढी पांढरी झाली होती, चाळिशीलाच. एक कान अर्धा नव्हता. कॅमेऱ्याकडे बघत नव्हता. पण बाबा बसायचे तसा बसला होता, उजवा गुडघा वर, मनगट गुडघ्यावर टेकवून बोटं लोंबत सोडलेली. मी कितीतरी वेळ त्या बोटांकडे बघत राहिले. किरेका! मी काम करते त्या दवाखान्याच्या बसथांब्यावरून ती टेकडी दिसते. रोज संध्याकाळी मी तिच्याकडे तोंड करून बसची वाट बघत असते. ‘मावशी, बसा तुम्ही,’ आटिम म्हणाली, ‘तुमचं तोंड राखेसारखं झालंय.’ मी बसले नाही. मी माझा फोन काढला आणि आईला लावला. दोनदा चुकीचा नंबर लागला. डोक्यात एकच होतं, थांबवा, नाच थांबवा, चूल पेटवू नका, बैल कापू नका. आईनं उचलल्याबरोबर मी ओरडले, ‘आई, दादा जिवंत आहे! ऐकतेयस का? ओर्येमा जिवंत आहे, इथं आहे, कंपालात! त्याची पोरगी माझ्यासमोर उभी आहे!’ पोरीचे डोळे मोठे झाले. मला वाटलं आई किंचाळेल, रडेल, फोन टाकेल. पलीकडे बायका बोलत असल्याचा आवाज येत होता, सूप पाखडल्याचा आवाज येत होता. मग आई म्हणाली, ‘थांब, बाहेर येते. इथं बायका तीळ निवडतायत.’ तिची पावलं ऐकू आली, दाराची कडी ऐकू आली. मग म्हणाली, ‘ठाऊक आहे मला.’

काय ठाऊक आहे, मी म्हटलं. तो आहे ते, ती म्हणाली, खडी फोडतो ते, पोरगी आहे ते, सगळं. तेरा वर्षं ठाऊक आहे. मला आठवतं, मी त्या टाकीचा नळ घट्ट धरला होता आणि नळ गळत होता आणि माझी बाही भिजत होती. मी काहीतरी बोलले असेन, शिवी दिली असेन, आईला आयुष्यात दिली नाही ती. ती म्हणाली, ‘दे शिव्या. मग ऐक.’ आणि मग तिनं चौथं वाक्य सांगितलं. वीस वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते. म्हणाली, ‘तुझ्या बाबांना त्यांनी मारलं नाही. त्यांनी ओर्येमाच्या हातात कुदळ दिली. बाबांचीच. म्हणाले, तू मार, नाहीतर आईला आम्ही मारतो. बाबा म्हणाले, मार रे, पोरा, आई जगू दे. तो मारत नव्हता, लामवाका. बाबांनीच त्याला दटावलं. नाच शिकवताना तो पोरांना दटावायचा ना, तसं, चल, उचल, म्हणाले. पहिला घाव हळू बसला. हळू बसल्यामुळे जास्त वेळ लागला.’ मी म्हटलं, आई, पुरे. ती म्हणाली, ‘मला पुरे झालं का? मला तिथंच बसवलं होतं समोर. मग म्हणाले, म्हातारे, जा आता, सांग गावात तुझ्या पोरानं काय केलं. मी आले आणि नाही सांगितलं. कुणालाच नाही. तेवढं एकच करता आलं मला त्याच्यासाठी.’ मांडवात पुन्हा ढोल सुरू झाले होते. माझ्या मागे आत्याबाई मला शोधत हाका मारत होत्या, सूनबाई, अगं सूनबाई, जेवण वाढलंय.

तेरा वर्षांमागे तो सुटून आला, आई सांगत होती, आणि घरी न येता सरळ शेतात आला. त्याच शेतात, बांधावर उभा राहिला. ती तण काढत होती. ‘मी म्हटलं, चल घरी. उंबऱ्यात अंडं ठेवते, त्यावर पाय दे आणि आत ये. जंगलातून आलेली सगळ्यांची पोरं तशीच आत आली, तूही ये. म्हणाला, उंबरा बाबांनी घातलाय. बाबांच्या उंबऱ्यावर मी पाय कसा देऊ? पाया पडून सांगितलं त्याला. मी, त्याच्या! नाही आला. एकच धोशा, आई, माझं करून टाक. माझा नाच करून टाक. मेलेला असलो तर येईन बाबांच्या शेजारी, जिवंत येणार नाही. मी म्हटलं, चल हट, जित्या पोराचं कोण करतं? तेरा वर्षं त्याला हेच म्हणतेय, तुझ्यापाशी विषय काढायची तो त्याच्या धोशापायी. तू अडून बसायचीस ते बरंच वाटायचं मला, माझं ओझं तू धरून ठेवायचीस. आता नाही धरवत गं. रोज कुणीतरी विचारतं, ओर्येमाची काही खबर? रोज मी म्हणते, नाही. रोज. मरायच्या आधी ही जीभ एकदा मोकळी होऊ दे.’ मी म्हटलं, ‘आई, तो माणूस जिवंत आहे आणि तू मला त्याची शेवटची ललकारी द्यायला बोलावतेस?’ ‘हो,’ आई म्हणाली. ‘मी नाही देणार.’ ती म्हणाली, ‘मोठ्यानं दे. मला हल्ली कमी ऐकू येतं.’ आणि फोन ठेवला. जुनी सवय तिची, आपलं झालं की ठेवून द्यायचं.

आटिमनं सगळं ऐकलं नव्हतं, पण पुरेसं ऐकलं होतं. बाकीचे दूर सरकले होते. ती हातातल्या आऱ्यांची जुडी उगाच सारखी करत होती. ‘तुम्ही आत्या आहात का माझ्या?’ तिनं विचारलं. मी मानेनं हो म्हटलं. ‘बाबा म्हणायचे, सगळे मेले.’ मी तिच्या कपाळावरची पिसं सरळ केली. मग तिनं न विचारता नंबर लावला आणि फोन माझ्या कानाला लावला. हातोड्यांचा आवाज आला, एकावर एक, वीस-पंचवीस हातोडे. मग त्यातला एक थांबला. ‘बोल, आटिम.’ तो आवाज बाबांचा होता. बाबांचा, दादाचा नव्हे. दादाचा आवाज अजून कोवळा होता तेव्हा. मी म्हटलं, ‘लामवाका बोलतेय.’ पलीकडे बाकीचे हातोडे चालूच होते. मग म्हणाला, ‘जाड झाला गं तुझा आवाज.’ मला हुंदका आला आणि त्याचा मला इतका संताप आला, की मी रडत रडत भांडले. तेरा वर्षं! टेकडीवर बसून! माझी बस दिसत असेल तुला! मी नाही देणार ललकारी, ऐकतोयस? मरायचं असेल तर दुसरी बहीण शोध. तो म्हणाला, ‘दुसरी कुठनं आणू?’ गंमत केल्यासारखं म्हणाला, लहानपणी माझी वेणी ओढून म्हणायचा तसं. मग म्हणाला, ‘लामवाका, आई तिथं समोर बसली होती. मी रोज ते बघतो, पण मी दगड फोडतो, मला आवाज तरी आहे. तिला काय आहे? तिला सोडव. माझं सोड.’ मी विचारलं, ‘आणि तू? तुझं काय होणार मग?’ म्हणाला, ‘माझी सोय होईल बाबांशेजारी. घरी येईन.’ मग म्हणाला की पोरीला उजेडात घरी पाठव, आणि पुन्हा हातोडा सुरू झाला, फोन बंद करायला तो विसरला होता. मी तशीच ऐकत उभी राहिले. आत्याबाई आल्या, मला बघितलं, आणि माझ्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

शनिवारी मी गेले. नवऱ्याला एवढंच सांगितलं, दादाचं आहे. दुपारचं ऊन, अंगण सारवलेलं, बाबांच्या थडग्याशेजारी वीतभर उंच मातीचा रिकामा ढिगारा. साठ-सत्तर माणसं जमली होती. चुलत्यांनी ढोल धरले, म्हाताऱ्यांनी भाले उंचावून फेर धरला, बायका रडत नाचत होत्या, खरंखुरं रडत होत्या, ओर्येमासाठी, ज्याला मी पाच दिवसांपूर्वी खाणीवर जाऊन बघून आले होते. त्यानं मला दगडावर बसायला स्वतःचा सदरा घडी करून दिला होता. मला तो सदरा दिसत होता आणि इथं सगळे रडत होते. मला वाटलं मला वेड लागेल. आई दाराशी बसली होती, किती लहान झाली होती ती. ढोल थांबले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. वणव्यातनं शेळी काढून आणणारा, अशी दादाची ललकारी आहे. नऊ वर्षांचा असताना त्यानं खरंच आणली होती. मी तोंड उघडलं. आईनं कानामागे हात धरला. मी दिली. इतक्या मोठ्यानं दिली की रस्त्यावरून जाणाऱ्या बोडाबोडावाल्यानं भाड्याची मोटारसायकल थांबवून वळून बघितलं. बायकांनी एकच आक्रोश केला, ढोल पुन्हा उठले, झालं. ओर्येमा मेला.

जेवणं व्हायला संध्याकाळ झाली. आईनं वीस वर्षांत पहिल्यांदा सगळ्यांबरोबर बसून नाचणीचा गोळा आणि भाजी पोटभर खाल्ली. माणसं तिच्याजवळ येऊन बोलत होती, ओर्येमा असा होता, तसा होता, आणि ती मान डोलवत होती, हसत होती. शेवटची पाहुणी गेल्यावर तिनं मला हाक मारून जवळ बसवलं. आजूबाजूला कुणी नाही हे बघून घेतलं. मग माझी बाही धरून ओढली आणि कानाशी तोंड आणून विचारलं, ‘तू गेली होतीस ना त्याच्याकडे? कसा दिसतो गं? जेवतो ना नीट?’

मी म्हटलं, ‘जेवतो.’